धुक्यातला कडुनिंब

(सामुदायिक रेडिओवरच्या भाषणाचा मजकूर)

 

गेल्या वेळी आम्ही गटाच्या हिशोबाच्या वह्यांबद्दल बोललो होतो. त्याआधी सोयाबीनचं घरचं बियाणं पेरण्याआधी तपासून कसं घ्यायचं ते सांगितलं होतं. आज जरा अवघड काम अंगावर घेतलंय. आज तुम्हाला एक चित्र दाखवायचंय, आणि तेही रेडिओवर! तेव्हा हातातलं काम चालू राहू द्या, शेंगा सोलत असाल तर सोला, पण डोळ्यांपुढे आम्ही सांगतो ते आणत राहा.

कागद साध्या चित्रकलेच्या वहीचा आहे. पाणी लागून थोडा फुगलाय, कडेला सुरकुतलाय. त्यावर पाण्याच्या रंगात, म्हणजे जलरंगात, झाडं काढली आहेत. सोयाबीन काढून झालेलं रिकामं वावर. वावराच्या पलीकडे धुऱ्यावर झाडांची रांग. बाभळी आहेत, पाच. धूसर, निळसर, अर्ध्या विरघळल्यासारख्या. त्या रांगेत मधोमध एक कडुनिंब, तो मात्र गडद. अलीकडे, उजव्या हाताला, अगदी आपल्या जवळ एक बोडकं झाड. एकही पान नाही. त्याच्या फांदीच्या टोकाला केशरी रंगाचा एक ठिपका. डावीकडून खालून उजेड येतोय. माणूस नाही, गुरं नाहीत, घर नाही. एक गाडरस्ता वावराच्या कडेनं जातो आणि झाडांपाशी जाऊन दिसेनासा होतो.

झालं चित्र. आता गोष्ट.

हे चित्र काढलंय आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलीनं. नववीत आहे. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. मागच्या वर्षी तिनं एलिमेंटरीची चित्रकला परीक्षा दिली, या वर्षी इंटरमिजिएटला बसायचं म्हणते. कला संचालनालयाच्या या परीक्षा आपल्या गावागावांतल्या शाळांतली मुलं देतात. त्यात वस्तुचित्र असतं, स्मरणचित्र असतं, संकल्पचित्र असतं, भूमिती आणि अक्षरलेखन असतं. इंटरमिजिएटला श्रेणी मिळाली की दहावीच्या निकालात जादा गुण धरतात. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण बऱ्याच आयांना ते माहीत नसतं. आम्हालाही नव्हतं.

आषाढात त्या ताईंनी गटाकडे अंतर्गत कर्ज मागितलं. १,८०० रुपये. रंग, ब्रश, चांगला कागद, परीक्षेची फी आणि केंद्रावर जायचा-यायचा खर्च. आमच्या गटात अकरा जणी. आठवड्याला वीस रुपये बचत. दवाखाना, बी-बियाणं, शाळेची पुस्तकं, या क्रमानं कर्ज द्यायचं असा आमचा ठराव आहे. रंगाचं नाव त्यात नाही. सभेत कुणी वाईट बोललं नाही, पण "पुस्तकाले देऊ, रंगाले कुठून देता?" असं झालं आणि अर्ज मागे पडला. इतिवृत्तात आम्हीच आमच्या हातानं लिहिलं, "पुढे विचार करू." ज्या अर्जावर असं लिहिलं जातं त्याचा पुढे विचार होत नाही, हे गट चालवणाऱ्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

मग श्रावणात आम्ही त्या ताईंच्या घरी पासबुकावर नोंद करायला गेलो. पासबुक ज्या पिशवीत होतं त्याच पिशवीत हे चित्र घडी घालून ठेवलेलं. ताई म्हणाल्या, "काई नाई व, पोट्टीनं झाडंझुडं काढली." त्यांना विचारून आम्ही ते शनिवारच्या सभेला घेऊन गेलो. खरं सांगायचं तर कर्जाचा विषय तेव्हा डोक्यात नव्हता. मुलीचं कौतुक व्हावं, एवढंच.

सतरंजीवर मधोमध चित्र ठेवलं. एकीनं कडेला चपलेनं दाबून धरलं, पंख्याच्या वाऱ्यानं उडत होतं. आणि पुढचा पाऊण तास आमच्या सभेत जे झालं तसं कधी झालं नव्हतं. एकाच चित्रावर अकरा जणींची अकरा मतं.

पहिला वाद पडला तो सकाळ की संध्याकाळ यावर. एक काकू म्हणाल्या, ही सकाळ आहे, धुवारी पडली आहे. लगेच दुसरी म्हणाली, "धुवारी कायची? गुरं घरी येतानाची धूळ हाय ते." बघा आता, रंग तोच, कागद तोच, दूरची झाडं तशीच पुसट. पण धुकं म्हटलं की दिवस उगवतोय, आणि धूळ म्हटलं की दिवस बुडतोय. चित्राचा सगळा भाव एका शब्दानं फिरला. आम्हाला शाळेत नेहमी सांगायचे की निळा रंग म्हणजे उदास आणि पिवळा म्हणजे आनंदी. इतकं सोपं नसतं ते. त्या चित्रातला पिवळसर उजेड एकीला कोवळं ऊन वाटला आणि एकीला दिवेलागणीची हुरहुर.

त्यात एक आजी, ज्यांची चार एकर तूर आहे, त्या म्हणाल्या, "सकाळ असो का सांज, मले तं हे चित्र पाहूनच धडकी भरली." का? तर तूर फुलोऱ्यावर असताना धुवारी पडली की फूल गळतं. शहरातला माणूस धुक्याचं चित्र बघून 'काय सुंदर' म्हणेल. आमच्या आजींना त्यात गळालेला फुलोरा दिसतो. यात चूक कुणाचीच नाही. चित्रातलं धुकं बघणाऱ्याच्या वावरात जाऊन उतरतं.

मग मुलीला बोलावलं. दाराशी उभी राहून अंगठ्यानं जमीन उकरत होती. तिला विचारलं, धुकं कसं काढलंस? ती म्हणाली, कागद आधी ओला केला, आणि तो ओला असतानाच रंग सोडला. रंग आपोआप पसरतो, कड राहत नाही. दूरची झाडं तशी काढायची. जवळचं झाड कागद वाळल्यावर काढायचं, मग त्याची फांदी फांदी स्पष्ट येते.

इथं जलरंगाबद्दल थोडं सांगतो, कारण त्या दिवशी ऐकून आम्हालाही नवल वाटलं. तेलरंगात चुकलं तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात ती सोय जवळजवळ नाही. रंग पारदर्शक असतो, खालचं सगळं दिसतं. त्यामुळे आधी फिके रंग, मग गडद. आणि पांढरा रंग बहुतेक जण वापरतच नाहीत. जिथं उजेड हवा तिथं कागद कोरा सोडायचा. म्हणजे त्या चित्रात सूर्याचा जो उजेड दिसतो, तिथं तिनं काहीच केलेलं नाही! आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे रांगोळीवानी नाई, गोंदणावानी हाय. एकदा टोचलं का टोचलं." आम्हाला ही उपमा फार आवडली.

आपल्या महाराष्ट्रात जलरंगावर हुकमत असलेले मोठे चित्रकार होऊन गेले. सावंतवाडीकडचे सावळाराम हळदणकर यांचं हातात समई घेतलेल्या स्त्रीचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर पाहिलं असेल, तिच्या बोटांतून दिव्याचा उजेड येतो ते. ते जलरंगातलं आहे, आणि मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्यांचं समजतात.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून आमच्या बाया सतरंजीवर पुढे सरकल्या. जलरंगाची पूड कागदाला धरून ठेवायला डिंक लागतो. हा डिंक बाभळीच्या जातकुळीतल्या झाडाचा असतो. आणि जलरंगाचा सगळ्यात चांगला कागद कापसापासून करतात. लाकडाच्या लगद्याचा कागद काही वर्षांनी पिवळा पडतो, कापसाचा टिकतो. पुण्यात १९४० पासून हातकागदाची संस्था आहे. म्हणजे बघा, ज्या पऱ्हाटीत आपली कंबर मोडते, तिचाच कागद, ज्या बाभळीचे काटे पायात मोडतात, तिच्याच भाऊबंदाचा डिंक, वर आपल्या विहिरीचं पाणी. बाळंतिणीच्या लाडवात डिंक घालणाऱ्या आम्हाला हे ठाऊक नव्हतं की चित्रातली झाडंही डिंकावरच उभी असतात.

तिच्याकडे मात्र असला कागदही नव्हता आणि रंगही पुरते नव्हते. शाळेच्या पेटीतल्या उरलेल्या तीन वड्या. निळी, पिवळी आणि तांबूस. हिरवा मिसळून केला. काळा नव्हताच, निळ्यात तांबूस घालून गडद केला. यामुळे एक झालं, सगळ्या झाडांत तेच तीन रंग असल्यानं चित्र एकजीव दिसतं. पंचवीस रंगांची पेटी असती तर कदाचित तिनं पंचवीसही वापरले असते. हे आमचं मत, तिला विचाराल तर ती पंचवीसची पेटीच मागेल.

आता ते बोडकं झाड. बघताक्षणी तीन-चार जणी म्हणाल्या, वाळलेलं झाड आहे, कशाला काढलं, अपशकुनी दिसतं. एकीनं तर "घरात लावू नको व हे" असंही सांगून टाकलं. तेवढ्यात तूरवाल्या आजी पुन्हा बोलल्या. फांद्यांचं वेडंवाकडं वळण बोटानं दाखवून म्हणाल्या, "हे वाळलं नाई. पयस हाय हा. होयीले या पाहाले." सगळ्याजणी गप्प. पळस! माघात पळसाची पानं झडतात, झाड मेल्यासारखं दिसतं आणि फाल्गुनात त्याच बोडक्या फांद्यांवर केशरी फुलं येतात. त्याच फुलांच्या उकळलेल्या पाण्यानं आपण लहानपणी होळी खेळलो. त्या एका शब्दासरशी अपशकुनी झाड वाट बघणारं झाड झालं.

चीनमध्ये असंच एक झाड चित्रकारांनी शेकडो वर्षं रंगवलं. तिथं प्लम नावाचं फळझाड असतं, थंडीत पान नसलेल्या फांदीवर त्याला फूल येतं. पाइन, बांबू आणि हे प्लम यांना तिथं हिवाळ्याचे तीन मित्र म्हणतात. कठीण काळातही टिकून राहणं, असा त्यांचा अर्थ तिथलं शेंबडं पोरही सांगतं म्हणा ना. आपल्या पळसाला असा मान कुणी दिला नाही, आपण त्याला 'पळसाला पानं तीनच' एवढ्यावर सोडून दिलं.

मग आम्हीच जरा शहाणपणा केला. आम्ही बी.ए. झालेलो, त्यामुळे अर्थ सांगायची खोड. आम्ही म्हणालो, बघा, फांदीच्या टोकाला तिनं एकच केशरी ठिपका दिलाय, म्हणजे आशा, पहिलं फूल, येणारे चांगले दिवस. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "ताई, ते फूल नाई. ब्रश झटकताना थेंब पडला. पुसला तं अजून पसरला असता, म्हणून ठेवला."

काय हसल्या सगळ्या! आम्हीही हसलो. पण त्यावर घरी जाताना विचार करत राहिलो. चित्रातल्या प्रत्येक गोष्टीला अर्थ असतोच असं नाही. काही गोष्टी पडलेल्या असतात. तरी तिनं तो थेंब राहू दिला, त्याभोवती काही केलं नाही, आणि तो नेमका पळसावर पडलेला असल्यानं बघणारीला तिथं फूल दिसणारच. थेंब चुकून पडला असेल, आपल्याला दिसलेलं फूल त्यामुळे खोटं ठरत नाही. मात्र त्या दिवसापासून दुसऱ्याच्या चित्राचा अर्थ त्याच्या तोंडावर ठणकावून सांगायचं आम्ही सोडलं.

तूरवाल्या आजींचं समाधान अजून झालं नव्हतं. त्या म्हणाल्या, धुवारी मार्गशीर्षात, सोयाबीनचं वावर रिकामं दिवाळीनंतर, आणि पळस बोडका माघात. हे एका दिवसाचं चित्र कसं? बरोबर आहे. मुलीनं सांगितलं, समोर बसून नाही काढलं, आठवून काढलं. स्मरणचित्राचा सराव चालू होता. आठवणीत तीन महिने एकाच दिवशी येऊ शकतात.

आणि तिथंच तो कडुनिंब पुढे आला.

मुलीची आई तोवर काही बोलली नव्हती. बायकांच्या मागं बसून होती, चित्र तिनं नीट पाहिलंच नव्हतं. आता ती पुढे सरकली, वाकली आणि बोट कडुनिंबावर ठेवून म्हणाली, "इथं तं आता झाड नाई ना व."

आमच्या गावच्या बायांना पुढचं सांगावं लागत नाही. तुम्हाला सांगतो. तीन वर्षांपूर्वी या ताईंचे मालक आजारी पडले. अकोल्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. आधी शेळ्या गेल्या, मग गळ्यातलं गेलं, मग धुऱ्यावरचा कडुनिंब लाकडाच्या व्यापाऱ्याला दिला. सासऱ्यांनी लावलेलं झाड. त्याच्या सावलीत दुपारची भाकर खायची सगळ्या घराची सवय. झाड गेलं आणि दोन महिन्यांनी माणूसही गेला. ताई त्यानंतर त्या वावरात निंदायला जातात, पण भाकर घरी येऊन खातात, हे आम्हाला माहीत होतं. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

मुलगी म्हणाली, सरांनी या झाडाला चूक काढली. दूरचं झाड एवढं गडद काढायचं नसतं. बाभळी पुसट आहेत तर त्यांच्याच रांगेतला कडुनिंबही पुसट हवा. सरांचं बरोबरच आहे. लांबचे डोंगर निळसर दिसतात ना आपल्याला, मधल्या हवेमुळे, तसंच ते. परीक्षेत असं काढलं तर गुण जातील. "पण मले तो पुसट कराव वाटला नाई," ती म्हणाली. एवढंच.

सभेत बराच वेळ कुणी बोललं नाही. पंख्याचा आवाज येत होता. कुणीतरी ताईंच्या पाठीवर हात ठेवला. ताई रडल्या नाहीत. त्यांनी लेकीला विचारलं, "एवढाच मोठा होता का व तो?" आणि लेक म्हणाली, "याहून मोठा होता. कागद पुरला नाई."

मैत्रिणींनो, झाडाला माणसासारखं धरणं आपल्याकडे नवं नाही. वटपौर्णिमेला आपण वडाला सूत गुंडाळतो ते लाकडाला नाही गुंडाळत. पिंपळाखाली, उंबराखाली बसताना आवाज आपोआप खाली येतो. आपली गावंच बघा, वडगाव, पिंपळगाव, चिंचखेड. झाड गेलं तरी गावाच्या नावात राहिलं.

आपल्या वाशीमचं तर चित्रांशी फार जुनं नातं आहे, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकात इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं दान दिलं, तसा लेख त्या लेण्यात कोरलेला आहे. अजिंठ्याच्या त्या काळच्या भिंतीवर हत्ती आहेत, कमळांची तळी आहेत आणि झाडं तर भरभरून आहेत. भिंती कशा तयार केल्या? माती, शेण, भाताचा तूस आणि गवताचे धागे कालवून लिंपण, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि वाळल्यावर खळ किंवा डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले मातीचे रंग. लिंपण-सारवण आपल्याला कुणी शिकवायला नको! त्याआधीच्या काळातल्या, दहाव्या लेण्यात, एक राजा आपल्या परिवारासह बोधिवृक्षाची पूजा करायला आल्याचं चित्र आहे. त्या जुन्या काळी बुद्धाची मूर्ती न काढता त्याच्या जागी पिंपळ दाखवत. झाड दिसलं की लोकांना कळायचं, इथं कोण आहे. आमच्या नववीतल्या मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं कडुनिंब काढला, आणि आईला कळलं इथं कोण आहे.

कोल्हापूरला आबालाल रहिमान नावाचे चित्रकार होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. मुंबईत राहून नाव आणि पैसा दोन्ही मिळवता आलं असतं, पण ते कोल्हापूरला कोटितीर्थ तलावाच्या काठी फकिरासारखे राहिले आणि आसपासची झाडं, पाणी, घाट वेगवेगळ्या वेळच्या उजेडात रंगवत राहिले. रंग विकत घ्यायला पैसे नसत तेव्हा माती आणि झाडपाल्यापासून घरीच रंग करत, असं सांगतात. १९३१ मध्ये ते वारले. त्यांची पुष्कळ चित्रं नाहीशी झाली, थोडी जपून राहिली. आम्ही ही गोष्ट सभेत सांगितली तेव्हा एकीनं लगेच विचारलं, "म्हंजे चित्र काढून पोट भरत नाई, असंच ना?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. आबालालांचं उदाहरण कर्जाच्या बाजूनं द्यायला गेलो आणि ते उलटंच पडलं.

हो, कर्जाचा विषय निघाला. आम्ही काढला नाही, तूरवाल्या आजींनी काढला. त्या म्हणाल्या, आषाढातला अर्ज काढा. आता सगळ्या एकदम 'हो' म्हणाल्या असं सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल, आणि ते खोटंच होईल. एक काकू म्हणाल्या, चित्र पाहून डोळ्यांत पाणी आलं म्हणून कर्ज द्यायचं का? उद्या माझ्या पोराला क्रिकेटची बॅट पाहिजे म्हणेल. गट रडण्यावर चालत नाही, परतफेडीवर चालतो. आम्हाला तो मुद्दा पटला, अजूनही पटतो. मग बोलणं परतफेडीवर आलं. ताई मजुरीला जातात, भाद्रपदात निंदण असतं, दिवाळीपासून कापूस वेचणी. आजवर त्यांचा एकही हप्ता चुकलेला नाही, मालक गेले त्या महिन्यातलाही नाही. हे वहीत होतं, फक्त आषाढात आम्ही ती वही उघडली नव्हती. रंगाचं नाव ऐकलं आणि माणूस बघायचं राहून गेलं.

ठराव झाला. १,८०० रुपये, महिन्याला तीनशे मुद्दल, सहा हप्ते, दरमहा शेकडा दोन व्याज उरलेल्या रकमेवर. म्हणजे व्याज एकूण १२६ रुपये. बॅटवाल्या काकूंनी सही केली, पण सही करताना म्हणाल्या, "शिक्षण या शब्दात रंग येतात का नाई ते ठरावात लिहा, नाईतर दर वेळी हाच तमाशा." ते आम्ही लिहिलं. 'शालेय परीक्षेसाठी लागणारं साहित्य, चित्रकलेसह.' तुमच्या गटाच्या ठरावात असं काही आहे का, एकदा उघडून बघा.

मुलीनं रंग आणले. कागद मात्र थोडा कमी आणला आणि वाचलेल्या पैशातून आईला चप्पल घेतली, त्यावरून घरात भांडणही झालं. आता ती परीक्षेसाठी घागर, दोन वांगी आणि पितळी तांब्या समोर ठेवून वस्तुचित्राचा सराव करते. झाडं काढायला सध्या वेळ नाही म्हणते.

चित्र ग्रामसंघाच्या खोलीत लावावं असं ठरलं होतं. घरात लावू नको म्हणणाऱ्या काकूंनीच खिळा आणून दिला. पण पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते, आणि जलरंगाला ओलीचं वावडं. म्हणून आठ दिवसांनी काढून घेतलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गटाच्या पेटीत ठेवलं आहे, पासबुकांच्या खाली. दिवाळीत भिंतीला चुना झाला की परत लावू. ताई मधे एकदा हप्ता भरायला आल्या तेव्हा म्हणाल्या, पेटी उघडलीच आहे तर जरा द्या पाहू. बघितलं, परत दिलं, पावती घेतली आणि गेल्या.

पुढच्या वेळी आम्ही हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेबद्दल बोलणार आहोत. तोवर नमस्कार.